दोनदा नाही

सिनिक्काला शुक्रवारपर्यंत तक्ता हवाय.
तीन पिढ्या, सात रकाने, खाली एक निकाल.
औलूमध्ये सकाळचे दहा वाजलेत
आणि खिडकीत अजून नीट उजाडलेलं नाही.

पहिली चिप नव्वद नॅनोमीटरची.
जुनं ते सोनं म्हणतात. हिच्या बोर्डाच्या कडेला
खरंच सोन्याचा मुलामा आहे, नखाएवढा.
पंखा लागत नाही. बोट ठेवलं तर कोमट,
नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

दुसरी अठ्ठावीसची. मधली बहीण.
तिची कुणी तक्रार करत नाही,
तिचं कुणी नावही काढत नाही.
मीही इथे एवढंच लिहिते.

तिसरी सातची.
डोक्यावर तांब्याचा कंगवा, वर दोन पंखे,
आणि भूक अशी की दिवा लावल्यासारखी नव्हे,
चूल पेटवल्यासारखी ती सुरू होते.
कुणीतरी तिच्या वाऱ्यात
आपले ओले हातमोजे वाळत घातलेत.

तिघीही कारखान्यातून कोऱ्या येतात.
वीज गेली की सगळं विसरतात,
वीज आली की विचारतात, आज मी कोण?
मी सांगते, तू मोबाइलच्या मनोऱ्यातली गाळणी,
गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढणारी.
जुनीला हे बावीस मिनिटांत पटतं.
नवीला अकरा तास.
संध्याकाळी सांगून घरी जायचं,
सकाळी येऊन तिच्या एकोणतीस हजार सूचना वाचायच्या.
पण एकदा पटलं की
जुनीच्या चाळीसजणी मिळून करतील तेवढं ती एकटी करते.

सातही रकान्यांत नवी पुढे.
फक्त दर काही सेकंदांनी
तिच्याकडून एक शब्द गळतो.

जुनीकडून गळत नाही.
थंडपेटीत उणे चाळीसला ठेवली, तरी नाही.

तीन दिवस शोधलं.
शेवटी आउलिस रेपोलाच्या जुन्या आराखड्यात सापडलं:
एका तारेवर त्यानं नकार ओवले होते.
नाही, नाही. नाही, नाही.
एकूण आठ.
नव्या सॉफ्टवेअरनं हिशेब केला:
नाहीचं नाही म्हणजे होय,
मधलं सगळं फुकट.
पुसून टाकलं, आणि तसं सांगितलंही,
चौदा हजार कितव्या तरी सूचनेत, एका ओळीत.

आउलिसला फोन लावला.
तो निवृत्त होऊन पाच वर्षं झाली,
समुद्राच्या गोठल्या पाठीवर भोक पाडून
गळ टाकून बसला होता.
"काढले होय?" तो हसला.
"वेळ हवा होता मला. चार नॅनोसेकंद.
दुसऱ्या तारेवरचा पोचेपर्यंत
याला दारात उभं करायचं होतं."
मग म्हणाला, "वाईट सवय, तेल्लेर्वो. शिकू नकोस.
शुक्रवारी द्यायचं होतं."

मग आम्ही दोघं गप्प राहिलो.
आमच्याकडे त्याला फोन ठेवणं म्हणत नाहीत.
वारा ऐकू येत होता,
आणि एकदा, बहुतेक, मासा.

सॉफ्टवेअरला मी खूणचिठ्ठी लावून पाहिली:
या नकारांना हात लावू नये.
त्यानं लावला नाही.
पण नवीला आठदा नाही म्हणायला
एक नॅनोसेकंदही पुरतो.
तिचा नकार इतका झटपट
की दारात कुणी थांबतच नाही.

तेव्हा रीतसर केलं.
घड्याळाच्या ठोक्याला बांधून,
पुस्तकात सांगतात तसं.
शब्द गळायचा थांबला.
तक्ता भरला. निकाल नवीच्या बाजूनं,
आणि तो बरोबर आहे.
आठ नकारांसाठी तक्त्यात रकाना नव्हता,
मीही मागितला नाही.

सिनिक्का दारातून म्हणाली,
"जुनी बंद करायची ना आता?"
नाही, म्हटलं मी.
कॉफीनंतर तिनं पुन्हा विचारलं.
नाही.

मग साडेचारला,
बाहेर अंधार पडून दोन तास झाल्यावर,
केली.